बिशपांच्या मागे राहिलेले घर

बडोद्याच्या लष्करी छावणीतील चर्चचा अर्पणविधी कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ साली केला, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. परंतु त्या दीर्घ प्रवासात पत्नी अमेलिया त्यांच्यासमवेत नव्हती. लहान मुलींसाठी ती कलकत्त्यास मागे राहिली होती, याचे स्मरण कितीजणांना असते? १८२६ च्या एप्रिलमध्ये त्रिचनापल्लीस हेबर निवर्तले. त्यांची प्रवासदैनंदिनी १८२८ साली प्रसिद्ध केली ती अमेलियानेच. तत्कालीन बडोद्याचे दर्शन आज आपणांस घडते, त्यात तिचाही वाटा आहे. आपल्या गावोगाव फिरणाऱ्या कीर्तनकारांची घरे तरी कोणी सांभाळली? धर्म कोणताही असो, धर्मकार्याचा गौरव करताना घरच्यांचे हे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे, असे आम्हांस वाटते.