मॅकडलची आई

मंडळी, 2001 साली हाँगकाँगमध्ये निघालेल्या ‘माय लाइफ ॲज मॅकडल’ या कँटनी बोलीतल्या व्यंगचित्रपटाचा नायक डुकराचं पिल्लू आहे. हसू नका! अभ्यासात कच्चं पोर, आई एकटी. 1996 साली चेउंग चाऊ बेटाच्या ली लाय-शाननं शिडाच्या फळीवरच्या शर्यतीत हाँगकाँगला पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. आईला वाटलं, माझं पोर का नाही? चित्रपटात ती त्याला तिच्याच गुरूकडं नेते. तो शिकवतो काय, तर बेटावरच्या जत्रेत मनोऱ्यावर चढून पाव लुटायला! गुरुजी, ही चढाओढ 1978 साली मनोरा कोसळून माणसं जखमी झाली तेव्हापासून बंद होती. पुन्हा सुरू झाली 2005 साली. मॅकडल मात्र घाम गाळतो, आणि आई मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऑलिंपिकच्या अध्यक्षांना लिहिते, की हा खेळ तुमच्यात घ्या.