सौरवादळे आणि विसाव्या अक्षांशावरील दोन जिल्हे

सूर्याच्या प्रभामंडलातून अब्जावधी टन विद्युतभारित द्रव्य स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकले जाते आणि ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळून तेथे काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत टिकणारी खळबळ माजवते, तेव्हा तिला भूचुंबकीय वादळ म्हणतात. अशा वादळांचा विषय निघाला की कॅनडा किंवा स्कॅन्डिनेव्हिया आठवतो. परंतु 2 सप्टेंबर 1859 च्या प्रसिद्ध कॅरिंग्टन वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली असून, चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक तेथे सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी, घसरला होता. पुढे विजेवरच्या ट्राम मुंबईत येणार, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेण्यात आले. तंत्रज्ञान आणि भूचुंबकत्व एकमेकांना छळतात, ते असे.

विसाव्या अक्षांशावरील महाराष्ट्रातले दोन जिल्हे म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली. त्यांपैकी चंद्रपूर हे राज्याच्या वीजनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. तेथील 2,920 मेगावॉट क्षमतेच्या महाऔष्णिक केंद्राभोवती 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांचे जाळे असून, 1999 पासून चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटर लांबीची, 1,500 मेगावॉट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनीही येथूनच निघते. चुंबकीय क्षेत्र वेगाने बदलले की जमिनीत विद्युत दाब निर्माण होतो, आणि दोन्ही टोकांना भूसंपर्कित असलेल्या लांब प्रत्यावर्ती वाहिन्यांतून, रोहित्रांच्या मार्गे, जवळजवळ एकाच दिशेचा प्रवाह वाहू लागतो. त्यामुळे रोहित्राचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, रोहित्र तापते आणि विजेच्या तरंगात विकृती येते. 13 मार्च 1989 रोजी क्वेबेकमध्ये सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, त्यामागे याच विकृतीने बंद पडलेली दाबनियंत्रक उपकरणे होती. एकदिश वाहिनीत असा प्रवाह सहज शिरत नसला, तरी तिच्या टोकांची परिवर्तक यंत्रणा शुद्ध तरंगावर अवलंबून असल्याने तिला या विकृतीचे वावडे असतेच.

तथापि चंद्रपूरचा भूचुंबकीय अक्षांश जेमतेम 12 अंश आहे आणि क्वेबेकसारखे तीव्र प्रवाह ध्रुवीय प्रभेच्या पट्ट्याखाली निर्माण होतात, म्हणून येथे तशाच अंधाराची भीती घालणे अतिशयोक्तीचे ठरेल. धोका शून्य मात्र नव्हे; चीनच्या लिंगाओ अणुवीज केंद्रात, म्हणजे साडेबावीस अंश उत्तर अक्षांशावर, नोव्हेंबर 2004 च्या वादळात रोहित्राच्या भूसंपर्कातून सुमारे 75 अँपिअर प्रवाह मोजला गेला होता. 30 व 31 जुलै 2012 च्या भारतातील ग्रिड-कोसळण्याशी सूर्याचा काहीही संबंध नव्हता; पण त्याच्या आठवडाभर आधी, 23 जुलैला, सूर्यावरून निघालेला एक प्रचंड द्रव्यलोट पृथ्वीला चुकवून गेला होता, हे या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तारांत नसून आभाळात आहे. चुंबकीय विषुववृत्तावर वर उचलला जाणारा आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील, प्लाझ्मा दोन्ही बाजूंना सुमारे 15 चुंबकीय अंशांवर साचतो. भारतात त्याचे उत्तरेकडील शिखर बहुधा भोपाळ-अहमदाबादच्या आसपास येते आणि चंद्रपूर-गडचिरोली त्याच्या दक्षिण उतारावर, इलेक्ट्रॉनांची घनता झपाट्याने बदलणाऱ्या भागात, पडतात. उपग्रहाचा संकेत या थरातून येताना रेंगाळतो. दर चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात 10 चा 18 वा घात इतके इलेक्ट्रॉन असतील, तर एकाच वारंवारितेवर चालणाऱ्या जीपीएस यंत्राच्या अंतरमोजणीत सुमारे 16 मीटरची भर पडते आणि उपग्रहांनी पाठवलेल्या सुधारणासूत्राने तिचा साधारण निम्माच भाग भरून निघतो. वादळात हा फुगवटा कधी वाढतो, कधी दबतो, आणि सूत्राला त्याची कल्पना नसते.

गडचिरोलीत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर येथे जबरानजोतधारकांच्या, म्हणजे वनजमीन कसणाऱ्यांच्या, शेतांचे कोपरे जीपीएस यंत्राने टिपले गेले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला तर 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवरील सामूहिक हक्क मिळाला. सगळे कोपरे एकाच दुपारी मोजले, तर आयनांबराची चूक साधारण सारखी पडून शेताचे क्षेत्रफळ टिकते, मात्र शेत आहे त्या जागेवरून काही मीटर सरकलेले दिसते आणि वनविभागाच्या कक्षाची हद्द जवळ असल्यास भलत्याच कक्षात जाऊ शकते. दोन कोपरे आज आणि दोन वादळाच्या दिवशी मोजले, तर आकारच बिघडतो. दाट सागवानी छत्राखाली संकेत आधीच क्षीण असल्याने चुकीचे खापर पानांवर फुटते.

सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आयनांबरात प्लाझ्माचे विरळ बुडबुडे वर चढतात आणि उपग्रहांचे संकेत लुकलुकू लागून यंत्राची पकड सुटते. जमीनमोजणी दिवसा होत असल्याने तिला याची झळ कमी. ताडोब्यातील वाघांच्या गळ्यातले पट्टे आणि दुर्गम चौक्यांवरील उपग्रह दूरध्वनी मात्र रात्रीही चालतात. मोठे वादळ या बुडबुड्यांना उधाण आणील की दाबून टाकील, हे ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी धडकते यावर ठरते.

6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवरील बिंदूवर पोहोचलेले आदित्य-एल1 यान सौरवाऱ्याचे मापन पृथ्वीच्या अलीकडेच करते. द्रव्यलोट सेकंदाला 500 ते 800 किलोमीटर वेगाने आला, तर तेथून येथवर सुमारे तीस ते पन्नास मिनिटे लागतात. भारप्रेषण केंद्राला तेवढा वेळ उपयोगी पडू शकतो. मोजणीदाराला त्याहून साधा उपाय उपलब्ध आहे : कोपऱ्याच्या नोंदीत तारखेबरोबर घड्याळाची वेळही लिहिलेली असेल, तर अलिबागच्या चुंबकीय नोंदी आणि गगन या उपग्रहाधारित सुधारणा प्रणालीच्या नागपूर केंद्राची निरीक्षणे ताडून तो कोपरा पुन्हा मोजण्याजोगा आहे काय, हे वादानंतर अनेक वर्षांनीही ठरवता येते.