डॅलसची पेढी : पन्नास हजार डॉलरच्या टेनिसची हकिकत

टेनिस हा क्लबातल्या बड्या लोकांचा खेळ. त्याचे व्यापाराच्या पानावर काय काम, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु अमेरिकेतील डॅलस शहरात १९७१ ते १९८९ या काळात बंदिस्त सभागृहात जी धंदेवाईक टेनिस स्पर्धा होत असे, तिची हकिकत मुळात एका पेढीची हकिकत आहे. भांडवल कोणी घातले, कसबी माणसाला करारात कसे बांधून घेतले, त्याच्या हुनराला भाव कसा आला, जुन्या बाजाराने बहिष्कार कसा टाकला आणि अखेर कारागिरांनीच स्वतःचे दुकान काढल्यावर पेढीचे शटर कसे खाली आले, हे सारे तिच्यात आहे.

प्रथम जुना बाजार कसा होता ते पाहू. १९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. हौशी म्हणजे पैसे न घेता खेळणारा. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात नामांकित खेळाडूंना ‘प्रवासखर्च’ या नावाखाली टेबलाखालून रक्कम मिळे आणि ती घेतल्याचे कोणी कबूल करीत नसे. जो उघडपणे पैसे घेईल तो धंदेवाईक ठरे आणि त्याला मोठ्या स्पर्धांचे दार बंद होई. ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल १९५७ मध्ये धंदेवाईक झाला आणि पुढची अकरा वर्षे विम्बल्डनला मुकला. त्याचाच देशबांधव रॉड लेव्हर याने १९६२ मध्ये एकाच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि लगेच १९६३ मध्ये तीन वर्षांच्या १,१०,००० डॉलरच्या हमीवर धंदेवाईकांच्या ताफ्यात गेला. हा ताफा गावोगाव हिंडे. आज या गावी, उद्या त्या गावी, एका रात्रीचा खेळ आणि पुन्हा प्रवास. जगातले उत्तम कसब फिरत्या दुकानातून विकले जात होते. गिऱ्हाइकाला कोण कोणाशी आणि कशासाठी खेळतो आहे याचा पत्ता नसे, म्हणून भावही नसे.

१९६७ मध्ये या धंद्यात लामार हंट हा माणूस उतरला. टेक्सासमधील तेलसम्राट एच. एल. हंट यांचा हा मुलगा. अमेरिकन फुटबॉलची एक नवी संघटना उभारून त्याने आधीच नाव केले होते. न्यू ऑर्लिन्सचे डेव्ह डिक्सन यांच्या भागीदारीत त्याने ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिस’ ही कंपनी काढली आणि आठ खेळाडूंना वार्षिक हमीच्या करारावर घेतले. ऑस्ट्रेलियाचे जॉन न्यूकोम आणि टोनी रोश, दक्षिण आफ्रिकेचा क्लिफ ड्रायस्डेल, युगोस्लाव्हियाचा निकी पिलिच, ब्रिटनचा रॉजर टेलर, फ्रान्सचा पियर बार्थेस, अमेरिकेचे डेनिस रॉल्स्टन आणि बुच बुखोल्झ. जाहिरातीत यांना ‘देखणे आठ’ असे नाव मिळाले. यांतले पिलिच आणि ड्रायस्डेल लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम आहे.

१९६८ च्या आरंभी खेळ सुरू झाला. टेनिस म्हणजे पांढरे कपडे आणि प्रेक्षकांची शांतता, हा शिरस्ता कंपनीने मोडला. खेळाडूंना रंगीत कपडे दिले, प्रेक्षकांना ओरडायला मोकळीक दिली, गुण मोजण्याची पद्धतही सोपी करून पाहिली. आपल्याकडे रंगीत कपड्यांचे क्रिकेट म्हटले की केरी पॅकरचे नाव निघते. पॅकरचा तो बाजार याच्यानंतर दहा-अकरा वर्षांनी भरला. मात्र पहिल्या हंगामात गल्ला जमला नाही आणि डिक्सन लवकरच बाहेर पडले. हंट आणि त्याचा भाचा अल हिल यांनी त्यांचा हिस्सा घेतला व नेटाने दुकान चालू ठेवले. मागे तेलाचा पैसा होता, हेही खरे. सामान्य दुकानदार पहिल्याच वर्षी झोपला असता.

आता छताखाली खेळण्याचे गणित पाहा. उघड्यावरच्या सामन्याला पाऊस, ऊन आणि वारा हे तीन भागीदार असतात आणि तिघेही नुकसानीचे. सभागृहात सामना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी होतो. संध्याकाळी कामधंदा आटोपून माणूस तिकीट काढून येऊ शकतो. दिव्यांचा उजेड ठरलेला, म्हणून टेलिव्हिजनवाल्यांची सोय. जमिनीचा प्रश्न कृत्रिम गालिच्याने सोडवला होता. त्याच्या मोठमोठ्या गुंडाळ्या गावोगाव नेत, बास्केटबॉलच्या फरशीवर पट्ट्या शेजारी शेजारी पसरून सांधे जुळवीत आणि स्पर्धा संपली की गुंडाळून पुढच्या गावी. सांधा नीट बसला नाही तर चेंडू वेडावाकडा उसळणार, तेव्हा पट्टी बसवणाऱ्या माणसाचा हातही खेळाचाच भाग होता. राहिला वेळेचा प्रश्न. सेट लांबत गेला तर सामना कधी संपेल याचा नेम नसे. त्यावर सहा-सहा बरोबरी झाली की टाय-ब्रेक खेळून सेट निकालात काढण्याची नवी पद्धत वापरली गेली.

१९७० मध्ये हंटने प्रतिस्पर्धी ताफा विकत घेतला. लेव्हर आणि रोझवॉल दोघेही त्याच्या छत्राखाली आले. १९७१ साठी त्याने जो आराखडा मांडला तो मला खरा अकलेचा वाटतो. ३२ खेळाडू, वर्षभरात २० स्पर्धा, प्रत्येकीत ५०,००० डॉलरची बक्षिसे, म्हणजे एकूण दहा लाख डॉलर. प्रत्येक विजयाला गुण आणि गुणांत पहिले आठ येतील त्यांची अखेरची स्पर्धा टेक्सासमध्ये. तिच्या विजेत्याला एकट्याला ५०,००० डॉलर. त्या वेळच्या साडेसात रुपये दराने हे पावणेचार लाख रुपये होतात. त्याच वर्षी विम्बल्डनच्या विजेत्याला ३,७५० पौंड मिळाले, म्हणजे सुमारे ९,००० डॉलर. फिरत्या दुकानात जो धागा नव्हता तो इथे मिळाला. फेब्रुवारीतल्या सामन्याचा हिशेब अखेरच्या सामन्यात जमा होणार, हे गिऱ्हाइकाला कळू लागले.

नोव्हेंबर १९७१ मध्ये पहिला अंतिम सामना डॅलसला झाला. लेव्हर त्या वर्षी सुसाट होता. त्याने वर्षभरात २,९२,७१७ डॉलर मिळवले, तो तेव्हाचा विक्रम होता. समोर रोझवॉल, नुकताच सदतीस वर्षांचा झालेला, अंगाने लहानसर. सोबती त्याला थट्टेने ‘मसल्स’ म्हणत, कारण दंडात मांसच नव्हते. पण डाव्या बाजूला आलेला चेंडू कापून परतवण्याचा त्याचा फटका असा घोटलेला होता, की जणू जुन्या सुताराचा रंधा. रोझवॉल चार सेटमध्ये जिंकला.

सहा महिन्यांनी, १४ मे १९७२ रोजी, तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. जागा मूडी कोलिझियम, साऊदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे सभागृह. सामना तीन तास चौतीस मिनिटे चालला. लेव्हरने पहिला सेट ६-४ घेतला. रोझवॉलने पुढचे दोन ६-० आणि ६-३. चौथा लेव्हरने टाय-ब्रेकवर काढला. पाचव्यातही सहा-सहा. पुन्हा टाय-ब्रेक. त्यात लेव्हर ५-४ ने पुढे आणि पुढच्या दोन्ही सर्व्हिस त्याच्याच हातात. पन्नास हजार डॉलर खिशात पडल्यासारखेच होते. रोझवॉलने त्या दोन्ही सर्व्हिस त्याच फटक्याने अशा परतवल्या, की लेव्हरला उत्तर सापडले नाही. ६-५ झाल्यावर रोझवॉलच्या सर्व्हिसवर लेव्हरचा चेंडू जाळ्यात गेला. एन.बी.सी. टेलिव्हिजनवर हा सामना दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला असे सांगतात. अमेरिकेत टेनिसला घरोघरी गिऱ्हाईक मिळाले ते या दुपारपासून, असे मानणारे पुष्कळ आहेत. रोझवॉलला विम्बल्डन अखेरपर्यंत मिळाले नाही. चार वेळा अंतिम सामन्यात जाऊन तो हरला. त्याच्या नावाशी डॅलस कायमचे जोडले गेले.

नव्या पेढीला भाव येतो तेव्हा जुना बाजार गप्प बसत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने १ जानेवारी १९७२ पासून हंटच्या करारातील खेळाडूंना आपल्या स्पर्धांत बंदी केली. १९७० आणि १९७१ चा विम्बल्डन विजेता न्यूकोम १९७२ मध्ये विम्बल्डनला खेळू शकला नाही. भांडण हंट आणि महासंघ यांचे, नुकसान खेळाडूचे. पुढे तडजोड झाली. वर्षाचे पहिले महिने हंटला, बाकीचे महासंघाला. आणि जुने करार संपले की हंटने खेळाडूंना नव्याने बांधून घ्यायचे नाही.

या तडजोडीच्या मेजावर कसबी माणूस नव्हता. दोन मालकांनी वर्ष वाटून घेतले, ज्यांच्या हातात रॅकेट होती त्यांना कोणी विचारले नाही. म्हणून सप्टेंबर १९७२ मध्ये खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली. तिचे नाव ए.टी.पी. पहिला अध्यक्ष ‘देखण्या आठां’तला ड्रायस्डेल. वर्षभरात तिची कसोटी लागली आणि निमित्त झाला पिलिच. हंटच्या दुहेरी स्पर्धेची मॉन्ट्रियलमधील अंतिम फेरी आणि युगोस्लाव्हियाचा डेव्हिस कप सामना एकाच सुमारास आले. पिलिच देशासाठी खेळला नाही म्हणून तिथल्या संघटनेने त्याला नऊ महिन्यांची बंदी घातली. महासंघाने ती एक महिन्यावर आणली, पण त्या महिन्यातच विम्बल्डन होते. पिलिचचे म्हणणे असे, की मी खेळेनच असे वचन दिले नव्हते. त्याच्यासाठी ८१ खेळाडूंनी १९७३ च्या विम्बल्डनवर पाणी सोडले. त्यांत आदल्या वर्षीचा विजेता आणि त्याच वर्षी डॅलस जिंकलेला स्टॅन स्मिथ होता. रोझवॉल, न्यूकोम आणि आर्थर ॲशही होते. रोझवॉलचे वय तेव्हा ३८. विम्बल्डनच्या किती संध्या त्याच्या हातात उरल्या होत्या, याचा विचार केला म्हणजे त्या सहीची किंमत कळते. आपला विजय अमृतराज त्या वर्षी खेळला, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि पुढे विजेता ठरलेल्या यान कोडेशकडून पाचव्या सेटमध्ये ५-७ असा हरला.

डॅलसची पुढची वर्षे भरभराटीची होती. १९७४ मध्ये न्यूकोम जिंकला. १९७५ मध्ये ॲशने तरुण बियाँ बोर्गला हरवले आणि दोन महिन्यांनी विम्बल्डनही जिंकले. बोर्गने १९७६ मध्ये वचपा काढला. जिमी कॉनर्स १९७७ आणि १९८० मध्ये जिंकला. अमृतराजने १९७७ मध्ये डिक स्टॉकटनच्या जोडीने हंटच्या कंपनीची जागतिक दुहेरी स्पर्धा कॅन्सस सिटीत जिंकली. १९७९ मध्ये वीस वर्षांचा जॉन मॅकेन्रो बोर्गला हरवून विजेता झाला आणि पुढे डॅलस म्हणजे मॅकेन्रो असे समीकरणच झाले. १९७९, १९८१, १९८३, १९८४ आणि १९८९ अशी पाच वेळा त्याने ही स्पर्धा जिंकली. १९८३ चा इव्हान लेंडलविरुद्धचा सामना पाचव्या सेटच्या टाय-ब्रेकपर्यंत गेला आणि तो टाय-ब्रेक मॅकेन्रोने ७-० असा घेतला.

चांदीचा व्यापार करणाऱ्या वाचकांना हंट हे आडनाव दुसऱ्याच कारणाने आठवत असेल. १९७९-८० मध्ये जगाची चांदी साठवून भाव औंसाला पन्नास डॉलरपर्यंत चढवणारे आणि मार्च १९८० मध्ये त्याच भावाखाली गाडले गेलेले बंकर व हर्बर्ट हंट हे या लामारचेच थोरले भाऊ. लामारही त्या सौद्यात होता, पण थोडक्या वाट्याने.

टेनिसमध्ये तो जे करीत होता ते सट्ट्याहून निराळे होते. तरी पेढीचा पाया १९७२ च्या तडजोडीतच हलला होता. खेळाडू करारात नाही, म्हणजे मालाचा पुरवठा आपल्या हातात नाही. १९७८ मध्ये डॅलसची साखळी मुख्य ग्रां प्री साखळीत मिसळली. १९८२ मध्ये हंट पुन्हा वेगळा झाला आणि त्याने बक्षिसे वाढवली. लेंडलसारखा खेळाडू तिकडे गेलाही, पण बाकीचे पुरेसे आले नाहीत. १९८३ मध्ये हंटने खेळाचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर मक्तेदारीचा दावा लावला, तडजोड झाली आणि १९८५ पासून तो पुन्हा त्याच साखळीचा एक भाग झाला. भाव ठरवणारा आता भाव विचारणारा झाला होता.

१९८८ मध्ये अमेरिकन ओपनच्या वेळी खेळाडूंच्या संघटनेने मैदानाबाहेरच्या गाड्यांच्या तळावर पत्रकार परिषद घेतली. आत जागा मिळाली नाही म्हणून तिथे. १९९० पासून आपला दौरा आपणच चालवू, असे त्यांनी जाहीर केले. त्याच्या मंडळावर निम्मे प्रतिनिधी खेळाडूंचे आणि निम्मे स्पर्धा भरवणाऱ्यांचे. वर्षअखेरची आठ जणांची स्पर्धा त्यांनी फ्रँकफर्टला नेली, तीही बंदिस्त सभागृहात आणि गालिच्यावरच. नमुना डॅलसचा, दुकान त्यांचे. १९८९ ची डॅलस स्पर्धा शेवटची ठरली. मॅकेन्रोने अंतिम सामन्यात ब्रॅड गिल्बर्टला हरवले आणि १९९० मध्ये हंटने कंपनी बंद केली. १९९३ मध्ये त्याला टेनिसच्या आंतरराष्ट्रीय सन्मान मंडळात स्थान मिळाले. तो २००६ मध्ये वारला.

१९८० नंतरच्या स्पर्धा जिथे झाल्या ते डॅलसचे रियुनियन अरेना २००९ मध्ये पाडण्यात आले. गालिच्यावर खेळायचे मोठे सामने खेळाडूंच्या संघटनेने त्याच वर्षापासून बंद केले. रोझवॉल आणि लेव्हर जिथे खेळले ते मूडी कोलिझियम मात्र उभे आहे. तिथे विद्यापीठाची मुले बास्केटबॉल खेळतात.