विश्लेषण : शीलाइट प्रयोगशाळेत बनते, मग टंगस्टनसाठी ‘स्कार्न’ खडक का शोधावे लागतात?

चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनच्या काही उत्पादनांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. जगातील बहुतांश टंगस्टन चीनमधूनच येत असल्याने इतर देशांतील खाणींकडे लक्ष वळले. यातील अनेक खाणी ‘स्कार्न’ खडकात आहेत.

टंगस्टन महत्त्वाचे का?

हा धातू ३४२२ अंश सेल्सिअसला, म्हणजे सर्व धातूंत सर्वाधिक तापमानाला वितळतो. ड्रिलची टोके, लेथवरची कटिंग टूल्स, चिलखतभेदी दारूगोळा यांत तो लागतो. भारताच्या २०२३ च्या ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

स्कार्न कसा तयार होतो?

स्वीडनमधील खाण कामगार लोहखनिजाभोवतीच्या टाकाऊ दगडाला ‘स्कार्न’ म्हणत. भूगर्भात तप्त शिलारस चुनखडकात घुसला की आधी उष्णतेने चुनखडकाचा संगमरवर होतो. त्यातील कॅल्साइट आणि क्वार्ट्झ यांच्यातील अभिक्रियेतून वोलॅस्टोनाइट तयार होते व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिलारस थिजताना त्यातून क्षारयुक्त गरम पाणी सुटते. ते सिलिका, लोह आणि टंगस्टन घेऊन चुनखडकात झिरपते. त्यातून गार्नेट, पायरॉक्सिन ही खनिजे बनतात. पाण्यातील टंगस्टनला चुनखडकातील कॅल्शियम मिळाले, की शीलाइट साचते. अतिनील दिव्याखाली ते निळसर-पांढरे चमकते, म्हणून ते शोधताना असा दिवा वापरतात.

प्रयोगशाळेत हे कसे घडवतात?

सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या छोट्या कुपीत खनिजांची पूड आणि पाणी भरून ती बंद करतात. जाड पोलादी भांड्यात ती प्रचंड दाबाखाली काही दिवस ते काही आठवडे तापवतात. मग झटकन थंड करून आत कोणती खनिजे बनली, हे तपासतात. तीच अभिक्रिया उलट दिशेनेही घडवून पाहतात. अशा प्रयोगांतून कोणते खनिज किती तापमानाला आणि दाबाला टिकते, याचा आलेख तयार होतो. शीलाइटचे मोठे स्फटिक मात्र वितळलेल्या रसातून ओढून काढतात. इटलीतील ग्रान सासो येथे ‘डार्क मॅटर’च्या शोधासाठी असे स्फटिक वापरले जातात.

मग खाण कशाला हवी?

कारण टंगस्टन हे मूलद्रव्य आहे. प्रयोगशाळेत शीलाइट बनवायलाही आधी खाणीतले टंगस्टनच लागते. निसर्गात विखुरलेले टंगस्टन एका जागी गोळा करण्याचे काम गरम पाणी करते.

प्रयोगांचा उपयोग काय?

खडकात कोणती खनिजे एकत्र आहेत, हे पाहून तो किती तापमानाला घडला याचा अंदाज बांधता येतो. खनिजे बदलत जातात तशी शिलारसाची दिशा कळते आणि ड्रिलिंग कुठे करायचे, हे ठरवणे सोपे जाते. दक्षिण कोरियातील सांगडाँग येथे ग्रॅनाइट जमिनीवर दिसत नाही. तो ड्रिलिंगमध्ये खोलवर सापडला. १९९० च्या दशकात बंद पडलेली ही स्कार्न खाण आता पुन्हा सुरू केली जात आहे.