डबा लपवा, डबा शोधा

खानापूरच्या माझ्या भटक्या मित्रांना ‘जिओकॅशिंग’ सांगितले, तेव्हा पहिला सवाल आला, “रानात आम्हाला वाट दाखवायला फोन कशाला?” फोन जागेपाशी नेतो, डबा डोळ्यांनीच शोधावा लागतो, एवढेच मी म्हटले.

मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात वस्तूंनी भरलेली बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. सापडल्यावर आतल्या वहीत नाव लिहायचे. वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची.

आमचा पहिला डबा एका मित्राच्याच मळ्यात लपवला. दाट झाडीखाली फोन दहा-पंधरा पावले सहज चुकतो. शेवटी “सिक्तु!” अशी आरोळी आली, ती त्याच्या शाळकरी मुलीची. थोरले अजून बांधच चाचपत होते.

मग सगळ्यांना भीमगड सुचला. तिथे मात्र मी आडवा आलो. २०११ पासून ते अभयारण्य आहे. वन खात्याच्या परवानगीविना भटकता येत नाही. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनची वटवाघळे राहतात, जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारी. डब्यापायी माणसांची ये-जा वाढली तर ती उठून जातील. हलशीच्या देवळातही नकोच. बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना बोलावणार, आणि ते बरोबरच.

या खेळात बिनडब्याचाही प्रकार आहे. जागेवर जाऊन तिथल्या जमीन-खडकांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे. मलप्रभेचा उगम असलेली कणकुंबी त्याला साजेशी. प्रश्न कोणता घालायचा, यावर सध्या आमची दोन्ही भाषांत भांडणे चालली आहेत.