गेम टेस्टरला पगार नेमका कशाचा मिळतो?

"घरबसल्या गेम खेळा, पैसे कमवा" अशी जाहिरात तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. गेम टेस्टरची नोकरी खरंच असते, पण तिथे पगार खेळण्याचा मिळत नाही. चुका शोधून त्या नीट लिहून देण्याचा मिळतो. कसं ते पाहूया.

कंपन्या टेस्टर का ठेवतात?

डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा गेम आला. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो अडकायचा, मध्येच बंद पडायचा. साधारण आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. गेम तिथे परत आला तो थेट जून २०२१ मध्ये! खेळाडूंना आलेल्या बऱ्याच अडचणी आमच्या टेस्टिंगमध्ये दिसल्याच नव्हत्या, असं कंपनीच्या सहसंस्थापकांनी नंतर सांगितलं.

मोबाइलवर तर प्रत्येकाचा फोन वेगळा. डेव्हलपरच्या महागड्या फोनवर मस्त चालणारा गेम कमी रॅमच्या फोनवर हँग होऊ शकतो. शिवाय गेम ज्याने बनवला, त्याला कुठे टॅप करायचं हे पाठ असतं. चुकीचं बटण दाबून बघणारा माणूस वेगळाच लागतो.

टेस्टर दिवसभर करतो काय?

समजा, गेममध्ये तुम्ही कॉइन्स विकत घेताय आणि नेमका तेव्हाच फोन आला. कॉल संपल्यावर पैसे दोनदा कापले गेले तर? टेस्टर हीच गोष्ट वायफायवर, मोबाइल डेटावर, नेट बंद करून, वेगवेगळ्या फोनवर पुन्हा पुन्हा करून बघतो. चूक दुरुस्त झाली की परत तपासतो, कारण एक बग काढताना दुसरा शिरू शकतो. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. एकच लेव्हल पन्नास वेळा खेळायची तयारी हवी!

मग बीटा टेस्टर कोण?

बीटा टेस्टिंगमध्ये आपल्यासारखे हौशी खेळाडू असतात आणि बहुतेक वेळा ते फुकटच असतं. त्यांच्याकडून "गेम अडकतोय" एवढंच कळतं. प्रोफेशनल टेस्टर मात्र फोनचं मॉडेल, अँड्रॉइड व्हर्जन, गेमचं व्हर्जन, कोणत्या स्टेप्सनंतर बग आला, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि १० पैकी किती वेळा झालं, हे सगळं व्हिडिओसकट देतो. असा रिपोर्ट असेल तर डेव्हलपर तोच बग स्वतःच्या फोनवर आणून दुरुस्त करू शकतो.

ही नोकरी मिळते कुठे?

पुण्यात युबिसॉफ्टच्या स्टुडिओत गेम बनवण्यासोबत टेस्टिंगचंही काम चालत आलं आहे. कीवर्ड्स स्टुडिओजसारख्या कंपन्या दुसऱ्यांचे गेम तपासून देतात. यातल्या बऱ्याच नोकऱ्या कॉन्ट्रॅक्टवर असतात, म्हणून मुदत किती ते आधीच विचारा. रिलीज न झालेल्या गेमबद्दल बाहेर बोलायचं नाही, असा करारही करावा लागतो.

आणि हो, नोकरी देण्याआधी कोणी "रजिस्ट्रेशन फी" किंवा "ट्रेनिंग किट"चे पैसे मागितले तर सरळ ब्लॉक करा. इथे कंपनीने तुम्हाला पैसे द्यायचे असतात, तुम्ही कंपनीला नाही.

सुरुवात करायचीय? तुमच्या आवडत्या गेममधला एक बग शोधा आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचा रिपोर्ट लिहा. तो वाचून तुमच्या मित्राला तोच बग त्याच्या फोनवर दाखवता आला, तर रिपोर्ट जमला समजा!