लोखंडी सामानाचा जोडधंदा : हिंदमाता-लालबागपासून घेण्याचा धडा

पिढीगणिक वांटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडत चालले आहेत, हें शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. ज्या गटावर आजोबांचें एकच नांव होतें, त्यावर आज पांच-सात नांवें दिसतात. सर्वांचें पोट त्या जमिनीवर भरणें शक्य नाहीं. म्हणून घरांतील एखादा हुशार मुलगा मुंबईची वाट धरतो आणि कांहीं दिवसांनीं घरीं लिहून कळवितो कीं, वेल्डिंगचें दुकान घालावयाचें आहे, जमीन गहाण ठेवून पैसे पाठवा. अशा वेळीं वडिलांनीं काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम हा धंदा खोटा नाहीं, हें सांगितलें पाहिजे. दादर व परळ यांच्या दरम्यान असलेल्या हिंदमात्यावरून डॉ. आंबेडकर मार्गानें दक्षिणेस गेलें कीं लालबाग लागतें. त्याच लालबागेंत १८९७ सालीं आर्देशीर गोदरेज यांनीं एका लहानशा शेडमध्यें कुलुपें करण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं त्यांनीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें करून पाहिलीं होतीं, पण तो उद्योग चालला नाहीं. कुलुपांमागून तिजोऱ्या आल्या, व पोलादी कपाटें तर १९२३ सालीं, म्हणजे आरंभानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं निघालीं. आज घरोघर दिसणाऱ्या लोखंडी कपाटामागें इतका धीर आहे, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत. तेथील नोकरी सोडून ते बेळगांवास गेले, सायकलींचें दुकान चालविलें, मग कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर केले. लोखंडानें जमीन बिघडते अशी समजूत असल्यामुळें प्रथम नांगर खपेनात. तरीही त्यांनीं तें काम सोडलें नाहीं, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. विद्या व अनुभव शहरांत मिळविला, पण धंदा मांडला तो गिऱ्हाईक जेथें होतें तेथें, हा यांतील बोध होय.

आतां हिंदमात्यासारख्या जागीं दुकान मांडण्याचा विचार करूं. वस्ती दाट, गिऱ्हाईक पुष्कळ, हें खरें. लहान खोल्यांत मापानें बसणारा पलंग, पोटमाळ्याची शिडी, दुकानाचीं मांडणीं, खिडकीची जाळी यांस मागणी राहते. कारण तयार सामान अशा जागेंत मावत नाहीं. परंतु जागेचें भाडें जबर. शिवाय हा भाग बशीप्रमाणें सखल असून पावसाळ्यांत पाणी तुंबण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्यासाठीं महापालिकेनें २०२१ सालीं भूमिगत टाक्या बांधण्यास घेतल्या. ज्या धंद्यांत वीज व लोखंड हींच दोन साधनें, त्यास जमिनीवरचें पाणी म्हणजे एकीकडे जीवाचा धोका व दुसरीकडे गंज. तेव्हां शहरांत शिकावें व तालुक्याच्या गांवीं दुकान घालावें, असें आमचें मत आहे.

शिकण्याची सोय आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण मुलास त्यांत प्रवेश मिळतो. त्यानंतर निदान एक वर्ष दुसऱ्याच्या दुकानांत हात बसवावा. जाड लोखंड जोडणें सोपें. फर्निचराचा पातळ चौकोनी पाइप जोडणें कठीण. विजेचा प्रवाह थोडा जास्त झाला कीं पाइपास भोंक पडतें, कमी झाला तर टांका वरवर बसतो व ग्राहकाच्या घरीं सुटतो. टांके एकाच बाजूनें घालीत गेल्यास चौकट वांकडी होते. म्हणून चारी कोपरे आधीं टिपून, गुण्या लावून, मग समोरासमोर टांके घालावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचा धूर फुप्फुसांत गेल्यास हुडहुडी भरून ताप येतो. जोडाच्या जागचा मुलामा घासून काढावा व काम उघड्या हवेंत करावें. काळ्या काचेवांचून ज्योतीकडे क्षणभरही पाहूं नये.

पण बहुतेक दुकानें बुडतात तीं टांक्यानें नव्हे, हिशेबानें. एक उदाहरण घेऊं. चार फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच फूट उंच अशा टेबलाचा सांगाडा करावयाचा आहे. चार पायांस १० फूट, वरच्या चौकटीस १२ फूट, खालच्या आडव्या पट्ट्यांस ८ फूट, मिळून ३० फूट पाइप लागतो. २५ मिलिमीटर चौकोनी व १.६ मिलिमीटर जाड पाइपाचें वजन मीटरास सुमारें १.१७ किलो भरतें. म्हणजे सांगाडा जवळजवळ पावणेअकरा किलोंचा झाला. परंतु पाइप वीस फुटांचा मिळतो, म्हणून दोन नग घ्यावे लागतात व सुमारें दहा फूट उरतो. तो पुढच्या कामास लागला तर नफा, कोपऱ्यांत गंजला तर तोटा. यावर रॉड, घासण्याची चकती, वीज, अस्तर व रंग, भाडें, वाहतूक आणि मुख्य म्हणजे स्वतःची मजुरी धरावी. नवशिके ही शेवटची बाब वगळतात व आपण नफ्यांत आहोंत असें समजून उपाशी राहतात. निदान मालाच्या किमतीइतकी आगाऊ रक्कम घेतल्याखेरीज पाइप कापूं नये. मापानें केलेली वस्तु दुसऱ्यास विकतां येत नाहीं.

गांवीं कामास तोटा नाहीं. गव्हाणी, कांदाचाळीचे सांगाडे, फाटकें, शाळेचीं बांकें, दुकानांचीं मांडणीं हीं सर्व याच हत्यारांनीं होतात. मात्र शेतीपंपाच्या विजेवर हें काम करूं नये. वेगळी जोडणी घ्यावी. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, आणि मालाची वार्षिक विक्री ४० लाखांच्या आंत असून ती राज्यांतच होत असेल तर सामान्यतः वस्तु व सेवा कराची नोंदणी लागत नाहीं. कर्जाच्या व अनुदानाच्या योजनांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रांत मिळते.

आतां मूळ प्रश्न. महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें प्रस्तुत लेखकास एवढें ठाऊक आहे कीं, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा एका दिवसांत चढतो आणि उतरण्यास कित्येकदां पिढी जाते. शिवाय त्या उताऱ्यावर धाकट्या भावाचें व बहिणीचेंही नांव असतें. एकाच्या दुकानासाठीं सर्वांचा आधार पणास लावणें न्याय्य नव्हे. म्हणून वडिलांनीं मुलास नाहीं म्हणूं नये व जमीनही गहाण टाकूं नये. दोन वर्षें शिकण्याचा खर्च द्यावा. एक जोडयंत्र, एक घासण्याचें यंत्र व गुण्या घेण्यापुरती रक्कम एखाद्या हंगामाच्या उत्पन्नांतून बाजूस काढावी. आणि दुकानाचा जमाखर्च दर महिन्यास पाहावा. वर्षभर स्वतःची मजुरी वगळून कांहीं शिल्लक राहूं लागली, तर धंदा वाढविण्यास भांडवल त्या धंद्यांतूनच उभें राहील, आणि शेत सर्व भावंडांच्या नांवें निर्वेध राहील.